चौकोनातले चेहरे

सोमवार, ५ जानेवारी

ही डायरी वीरेशने दिली. माझ्याकडे टायपिंगची मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शिकून गेला, आता जयसिंगपूरला बँकेत आहे. दर वर्षी डायरी आणून देतो आणि दर वर्षी मी ती बायकोला, अंजनाला, किराण्याच्या यादीसाठी देऊन टाकतो. यंदा स्वतः लिहायचं ठरवलं आहे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची बोटं सरळ केली, आता आपलंही अक्षर बघू म्हटलं. अक्षर वाईट आहे. टायपिंग शिकवणाऱ्याचं वाईटच असतं, त्याला इलाज नाही.

स्वयंपाकघरात नवं कॅलेंडर लागलं. जुनं अंजनाने गुंडाळून माळ्यावर ठेवलं. आठ-नऊ वर्षांची कॅलेंडरं वर साठली असतील. कशाला ठेवते कोण जाणे. रोज संध्याकाळी चहा झाला की ती त्या दिवसाच्या चौकोनात पेनने एक बारीक गोल काढते. दुधाची खूण. आत दोन टिंबं असतात, म्हणजे दोन मापं दूध, आणि खाली एक रेघ. रेघ कशाची ते मी कधी विचारलं नाही. ज्याचं खातं त्याने सांभाळावं.

आज तिने काम काढलं. सोमवारीच हिला कामं सुचतात. गेली कित्येक वर्षं बघतोय, सोमवार आला की अहवाल, अर्ज, याद्या, काही ना काही टाइप करायला माझ्या हातात ठेवतेच. या वेळी पीपीटी. अंजना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत तेहेतीस वर्षं सेविका आहे, एप्रिलात निवृत्त होते. तिथल्या भिंतीवर तिने एक फळा रंगवला आहे. त्यावर पाच चेहरे आहेत: हसरा, रडका, रागीट, झोपाळू आणि भुकेला. पोरं सकाळी आली की आपलं बाटलीचं टोपण ज्या त्या चेहऱ्याखालच्या फळीवर ठेवतात. तोंडाने काही सांगावं लागत नाही, बाईंना बघून कळतं.

आता भिंतींवर छापील तक्ते येणार आहेत आणि जुनं सगळं चुन्याखाली जाणार आहे. शिवगंगा मॅडम, म्हणजे हिच्या पर्यवेक्षिका, त्यांनी बावीस तारखेला प्रकल्प कार्यालयात हिच्यासाठी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. मोठ्या साहेबांना पटलं तर फळा राहील आणि बाकीच्या अंगणवाड्यांतही जाईल.

“मी गेल्यावर नवी बाई येणार. तिला काय म्हाईत? पुसून टाकंल,” अंजना म्हणाली. “तेवढं एक मागं राहिलं पायजे बगा.”

ती सहसा काही मागत नाही. मी म्हणालो, अर्ध्या तासाचं काम आहे.

मंगळवार, ६ जानेवारी

खालच्या खोलीत, म्हणजे आमच्या प्रज्ञा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसलो. बोर्ड अजून आहे, विद्यार्थी नाहीत. चार कॉम्प्युटरपैकी एक चालतो. कोपऱ्यात शेवटचा मराठी टाइपरायटर आहे. बाकीचे बावीस गेले, त्यावर आज लिहायचं नाही.

अंजना वहीतून सांगत होती, मी टाइप करत होतो. मार्जिन दोन्हीकडे सारखं, शीर्षक मधोमध. मग म्हणाली, “आता इथं चेहरा घाला.”

“कसला चेहरा?”

“हसरा. मोबाईलवर पोरी पाठवत्यात तसला.”

मला हे पोरखेळ आवडत नाहीत, पण मला येत नाही असं मात्र कुणी म्हणायचं नाही. विंगडिंग्ज नावाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी मोठा जे दाबला की हसरा चेहरा उमटतो, के दाबला की गप्प आणि एल दाबला की रडका. पंचवीस वर्षांपूर्वी मी हे वर्गात शिकवत होतो. पोरं टाळ्या वाजवायची. अंजनाने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तोंड उघडं पडलं होतं हे नक्की.

गुरुवार, ८ जानेवारी

म्हैस आटली म्हणून गवळी आज आलाच नाही. दिवसभर कोरा चहा. तरीही हिने संध्याकाळी गोल काढला, दोन टिंबांसकट. म्हटलं, काढू दे. तेहेतीस वर्षं सरकारी रजिस्टरं भरल्यावर हाताला सवय लागते.

रविवार, ११ जानेवारी

रूपाली आली होती. मुलगी असली तरी खरं सांगतो, तिला माझ्या कामातलं जास्त कळतं आणि ती ते लपवत नाही.

तिने पीपीटी आधी मोबाइलवर उघडली. “पप्पा, हे काय लिहिलंय? ‘सकाळी मुले आनंदाने येतात जे.’ ‘आई नसल्यास मूल एल.’”

मोबाइलमध्ये तो फॉन्टच नाही. माझे चेहरे गेले, मागची अक्षरं उघडी पडली. अंजना पदराआड हसत होती.

मग रूपालीने आपला लॅपटॉप उघडला. विंडोजचं बटण आणि पूर्णविराम एकदम दाबायचा, की चेहऱ्यांची अख्खी पेटी उघडते. मी आयुष्यभर शिकवलं की पूर्णविराम आला की थांबायचं. इथे त्यानेच सुरुवात होते. शेकडो चेहरे, सगळे पिवळेधमक. मी बघून घेतलं आणि रूपालीचं लक्ष नसताना एकदा स्वतः दाबूनही पाहिलं.

दोघी निवडत बसल्या. भुकेल्यावर अडलं.

“ही न्हाय,” अंजना म्हणाली. “ही तर खाऊन जिभल्या चाटतीया. भुकेलं पोर असं दिसत न्हाय.”

“मग कसं दिसतं, आई?”

“तोंड बारीक करून दुसऱ्याच्या डब्याकडं बघतंय. आणि विचारलं तर न्हाय म्हणतंय.”

शेवटी डोळे मोठे करून आर्जव करणारा एक सापडला. झोपेसाठी जांभई देणारा घेतला. रूपाली जाता जाता म्हणाली, “हे चित्र करून टाकू का पप्पा? दुसऱ्या कॉम्प्युटरवर गडबड होते.” मी म्हणालो, काही गरज नाही, मी आहे.

सोमवार, १२ जानेवारी

गडबड झाली. पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावला, तर चेहऱ्यांचा रंग उडालेला. तीन चेहरे नुसते काळ्या रेघांचे, आणि झोपाळू व भुकेला यांच्या जागी रिकामे चौकोन.

अंजनाने चष्मा वर-खाली केला. “माजी भुकेली पोरं कुठं गेली?”

मंगळवार, १३ जानेवारी

दुखणं सापडलं. हा फॉन्टचाच प्रश्न आहे. या गावात मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. लग्नपत्रिका घेऊन छापखान्यात जायचं तर फाइलीबरोबर फॉन्टही न्यायचा, नाहीतर तिकडे नवरीच्या नावाचं इंग्रजी कडबोळं होतं. आम्ही खिशात रुमाल नसला तरी फॉन्ट ठेवायचो. चेहऱ्यांचंही तेच. रूपालीला फोन करून तिच्याकडची फॉन्टची फाइल मागवली, माझ्या मशीनवर टाकली. चौकोन गेले, पाचही चेहरे आले! रंग तेवढा आला नाही. न येऊ दे, छपाई काळीच शोभते.

अंजना म्हणाली, “सगळी आजारी दिसत्यात.” तिला कौतुक करायची सवय नाही.

तरी आज फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी खालच्या खोलीत चार तास दिवा चालू होता. गल्लीतला केरबा डोकावून म्हणाला, “सर, परत क्लास सुरू केला काय?” मी म्हणालो, एकच विद्यार्थिनी आहे आणि ती ऐकत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

प्रकल्प कार्यालयात आधी चालवून बघायला गेलो. शिवगंगा मॅडम दारातच होत्या. त्या गडहिंग्लजच्या पलीकडच्या, अंजनाला अक्का म्हणतात. त्यांनी चहा सांगितला, कॉम्प्युटर लावला. तो माझ्यापेक्षा जुना निघाला. पाचही चेहऱ्यांच्या जागी चौकोन. मी खिशातून फॉन्ट काढला, तर तो टाकायला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड असलेला माणूस महिन्यातून एकदा येतो. परवाच येऊन गेला.

“अक्का, नुसतं तोंडी सांगितलं तरी चालतंय की,” मॅडम म्हणाल्या. “टेन्शन घेऊ नका.”

अंजना पडद्यावरच्या पाच चौकोनांकडे बघत राहिली.

वाटेत मी म्हणालो, चेहऱ्यांचा हट्ट सोड. शब्द लिहू: आनंद, दुःख, राग, झोप, भूक. शब्द सगळीकडे उमटतात.

“माज्या पोरास्नी वाचाय येत न्हाय.”

“साहेबांना येतं ना?”

“साहेबांनी पोरांसारखं बघावं म्हणून तर चाललोय मी! शब्दच दाखवायचे तर छापील तक्ता काय वाईट हाय?”

मी आवाज चढवला. अर्ध्या तासाच्या कामाला बारा दिवस झाले असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, तुमाला कुणी बांधून घातलंय काय. घरी आल्यावर मी पेपर वाचत बसलो, जुना होता तरी वाचला. संध्याकाळी तिने चहा समोर ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कॅलेंडरपाशी गेली. आजच्या गोलातली रेघ वाकडी आली आहे, दोन्ही टोकं खाली. पेन घसरलं असणार.

शनिवार, १७ जानेवारी

अंजना चष्मा विसरून गेली. द्यायला गेलो. लिहायला लाज वाटते, पण घरापासून चारशे पावलांवरच्या त्या अंगणवाडीत मी तेहेतीस वर्षांत आत गेलो नव्हतो. दारातून हाक मारायचो आणि परत यायचो.

आत अठरा पोरं होती. एकेक येऊन टोपण ठेवत होतं. गडबड नाही, ढकलाढकली नाही. आदर्श नावाचा चार वर्षांचा एक गडी उड्या मारत आला, हसत हसत टोपण रडक्याखाली ठेवलं आणि खेळायला पळाला. मी अंजनाला म्हटलं, याला फळा कळलेला नाही.

“कळलाय,” ती हळूच म्हणाली. “गेल्या महिन्यात चार दिस असंच केलं. मग मी घरी गेलतो. आई बाळंतपणाला नृसिंहवाडीला गेलीय, आणि ह्याला कुणी सांगितलंच न्हवतं कधी येणार ते. आज शनिवार. शनिवारी आई फोन करती, मग हे असं हुतंय.”

तेवढ्यात आदर्श माझ्यापुढे उभा राहिला. “तुमचं टोपण कुठाय?”

अंजनाने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक टोपण दिलं. अठरा पोरं बघायला लागली. मी ते हसऱ्याखाली ठेवलं.

“खोटं!” आदर्श म्हणाला.

सगळी पोरं हसली. मी टोपण उचलून रागीटाखाली ठेवलं, मग तेही खरं वाटेना. बराच वेळ हातात धरून उभा राहिलो. पंचेचाळीस शब्द मिनिटाला काढणारा माणूस मी, आणि एक टोपण ठेवायला जागा सापडेना. शेवटी भुकेल्याखाली ठेवलं. सकाळी भांडणाच्या तोऱ्यात नाश्ता केला नव्हता. अंजनाने तिच्या डब्यातली भाकरी पुढे केली.

रविवार, १८ जानेवारी

आज सगळं मार्गी लागलं. काल मी निघताना अंजनाने पोरांना कागद आणि खडू दिले होते, चेहरे काढा म्हणून. ते कागद ती घरी घेऊन आली, रूपालीने आज त्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि पीपीटीत चिकटवले. चित्र कुठेही नेलं तरी चित्रच राहतं, त्याला फॉन्ट लागत नाही. हे मी पटवून देत होतो, तर रूपाली म्हणाली, “पप्पा, मी गेल्या रविवारी हेच म्हणत होते.” असेल.

भुकेला आदर्शने काढला आहे. छोटं तोंड, आणि दोन्ही डोळे एका बाजूला, जणू शेजारच्या डब्याकडे. अंजना म्हणाली, हा बरोबर आला बगा.

शेवटची स्लाइड करताना मायलेकींनी मला खोलीबाहेर काढलं. माझ्याच इन्स्टिट्यूटमधून मला! माळ्यावरून काहीतरी खाली काढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ पानं उलटल्याचा. बाहेर आल्यावर रूपालीने उगाचच माझा हात धरला आणि विचारलं, पप्पा, जेवला का. मार्जिन बिघडवलं असणार, म्हणून लाडीगोडी.

बुधवार, २१ जानेवारी

अंजना घरी आल्यापासून कुकरसमोर भाषण करत होती. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला नव्वद शब्द. म्हटलं, हळू. म्हणाली, “उद्या विसरलो तर?”

“मी मागच्या खुर्चीत बसतो. अडलीस तर माझ्याकडे बघ.”

“तुमच्याकडंच बगत आलोय की,” ती म्हणाली आणि शिट्ट्या मोजायला लागली.

गुरुवार, २२ जानेवारी

नीट लिहितो, घाई करत नाही.

सभागृहात साठेक बायका होत्या. पेनड्राइव्ह लागला. पहिली स्लाइड उघडली आणि पोरांचे पाचही चेहरे त्याच जुन्या कॉम्प्युटरवर आले, खडूच्या रंगांसकट. बायकांत खसखस पिकली. अंजनाचा आवाज सुरुवातीला बसला होता, मग आदर्शची गोष्ट आली आणि ती विसरली की समोर साहेब आहेत. ते पुढे वाकून ऐकत होते.

गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं का? सुचलं कुठून?”

“घरातनं,” अंजना म्हणाली आणि शेवटची स्लाइड लावली.

कॅलेंडरचं पान होतं. जुनं, आमच्या स्वयंपाकघरातलं. प्रत्येक चौकोनात एक गोल, दोन टिंबं, एक रेघ. पडद्यावर हाताएवढे मोठे झाले होते ते गोल, त्यामुळे चष्म्याचं निमित्त सांगायची सोय राहिली नाही. ते चेहरे होते. ओळीने रेघा खाली वळलेल्या. दूध नव्हतंच ते.

अंजना बोलत होती. मी जसं ऐकलं तसं उतरवतो.

“माज्या मालकांची टायपिंगची इन्स्टिट्यूट. मशिनीवरची परीक्षा बंद झाली आणि बावीस मशिनी एका टेम्पोतनं गेल्या. त्या दिवसापास्नं माणूस गप झाला. काय झालं विचारलं तर म्हणायचे, काय न्हाय. जेवायचे, पेपर वाचायचे. आज बोलावं का गप बसावं, मला कळंना. म्हणून रोज त्यांचं तोंड बघून मी कॅलेंडरवर काढाय लागलो. तीन महिन्यांनी पानं शेजारी ठेवून बघितलं, तर सोमवार सगळ्यात वाईट. सोमवारी त्यांची नवी बॅच सुरू व्हायची. मग मी दर सोमवारी त्यास्नी कायतरी टायपाला द्यायला लागलो. माजा अहवाल मला हातानं लिवता येत हुता, तरी पन. हळूहळू रेघ सरळ झाली. साहेब, साठीकडं आलेल्या माणसाला तोंडानं सांगता आलं न्हाय, ते चार वर्षाच्या पोराला कसं यावं? म्हणून फळा केला.”

मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी छताच्या पंख्याकडे. टेम्पो आला त्या दिवशी मी पेठेतल्या तालमीसमोर उभं राहून पोरांचा फुटबॉल बघत होतो, घरी आल्यावर स्कोअरही सांगितला होता. मला वाटत होतं कुणाला काही दिसलेलं नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, फळा राहणार, आणि एप्रिलपासून बीटमधल्या, म्हणजे मॅडमच्या भागातल्या, सगळ्या अंगणवाड्यांत होणार. दाखवायला अंजनाताईंनीच जायचं, निवृत्त झाल्या तरी. शिवगंगा मॅडमनी तिला सगळ्यांदेखत मिठी मारली.

रिक्षात मी एवढंच विचारलं, “मग दुधाचा हिशेब कुठं ठेवतेस?”

“गवळी ठेवतोय की,” ती म्हणाली.

शुक्रवार, २३ जानेवारी

सकाळी ती अंगणवाडीत गेल्यावर माळ्यावरची कॅलेंडरं खाली काढली. दुपारपर्यंत बघत बसलो. रूपालीच्या लग्नाचा दिवस सापडला, हसरा, आणि एका डोळ्याखाली टिंब. त्या आठवड्यात अंजनाला ताप होता हे मला आत्ता आठवलं, तरी गोल माझाच काढलेला. भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरात गेल्या शुक्रवारचं भांडण सापडलं. पेन घसरलं नव्हतं.

एवढ्या वर्षांत तिचा स्वतःचा एकही चेहरा नाही.

संध्याकाळी चहा झाला. तिने आजच्या चौकोनात माझा गोल काढला. तिने पेन खाली ठेवलं आणि मी उचललं. तिच्या गोलाशेजारी दुसरा काढला, दोन टिंबं दिली आणि रेघेपाशी अडलो. कुठल्या बाजूला वळवायची ते मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात ही चाचणी मी कधी दिलेली नाही.

म्हणून पेन हातात घेऊन तिच्यासमोर बसलो. ती मेथी निवडत होती.

“काय पायजे?” तिने विचारलं.

“काही नाही. बघतोय.”

“बगा की मग,” ती म्हणाली आणि निवडत राहिली.

अख्खी जुडी निवडून होईपर्यंत बघितलं. मग उठून रेघ काढली.